दिवाणीकडे सहायक सरकारी वकील म्हणून जावं का? आत काम केलेल्यांनी सांगा

तालुका_बार

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी प्रॅक्टिस आहे माझी, वाटपाचे दावे, मनाई हुकूम, वहिवाटीचे रस्ते, अधूनमधून एखादी दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, असं सगळं. सात वर्षं झाली आणि आता जिल्ह्याला सहायक सरकारी वकिलांचं पॅनल नव्यानं होणार आहे तर आमचे सिनियर अर्ज कर म्हणून मागे लागलेत. फौजदारीत मला फारसा रस नाही, दिवाणी बाजूच हवी आहे, म्हणजे शासन, जिल्हाधिकारी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, वन खातं यांच्यावर जे दावे पडतात त्यात शासनाची बाजू मांडायची ते काम.

बारमध्ये विचारलं तर दोनच प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणजे अरे घे, पाटी लागते, ओळखी वाढतात. दुसरं म्हणजे नादाला लागू नकोस, बिलं निघत नाहीत, खात्यातलं कोणी फोन उचलत नाही आणि शासनाविरुद्धच्या केसेस सोडाव्या लागतात म्हणजे आहेत ते पक्षकार पण जातात. दिवसभर काम नक्की काय असतं हे कोणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट मनात आहे ती पण लिहितो. आमच्या भावकीतल्या बऱ्याच जणांच्या जमिनी कालव्यात गेल्या, वाढीव मोबदल्यासाठी चुलत्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मी लहानपणापासून बघितल्यात. आता उद्या मी पलीकडच्या बाजूला उभा राहून दुसऱ्या कोणाच्या तरी चुलत्याला कमी पैसे मिळावेत म्हणून उलटतपास घ्यायचा का? हे मला जमेल का, आणि जमावं का, तेच कळत नाहीये. मोकळेपणानं लिहा प्लीज.

एजीपी_वरिष्ठस्तर

चांगलं विचारलंस, सविस्तर लिहितो. आधी घोळ नको म्हणून एक, एमपीएससीतून जे सहायक सरकारी अभियोक्ता होतात ती पगारी नोकरी, अभियोग संचालनालयाखाली, आणि ते फक्त फौजदारी बघतात. तू म्हणतोयस ते वेगळं. जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहायक यांना विधी व न्याय विभाग नेमतो, विधी अधिकाऱ्यांचे १९८४ चे नियम आहेत त्याखाली, ठरावीक मुदतीसाठी, रिटेनर आणि फीवर. पेन्शन वगैरे काही नाही. खासगी प्रॅक्टिस चालू ठेवता येते पण शासनाविरुद्ध उभं राहता येत नाही. बऱ्याच जिल्ह्यांत एकाच माणसाकडे सेशन्स आणि दिवाणी दोन्ही देतात, त्यामुळे मला दिवाणीच हवं हे जिल्हा सरकारी वकिलांशी आधीच बोलून घे, नंतर बोलून उपयोग होत नाही.

तुला हे दावे फार बघायला मिळाले नसतील कारण शासन किंवा शासनाचा अधिकारी त्या नात्यानं पक्षकार असला की दावा कनिष्ठ स्तर न्यायालयाला घेताच येत नाही, दिवाणी न्यायालय कायद्याचं कलम ३२, तो वरिष्ठ स्तरालाच जातो. विषय म्हणशील तर अतिक्रमण काढायच्या नोटिशीला आव्हान, गायरान आमच्या वहिवाटीचं आहे म्हणून जाहीर करा, रस्त्याची रुंदी, फेरफार रद्द झाला त्यावरून मालकी, ठेकेदाराचं थकलेलं बिल, सर्व्हिस बुकातली जन्मतारीख, सरकारी गाडीनं झालेलं नुकसान, आणि भूसंपादनाचे संदर्भ, म्हणजे वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात आलेली प्रकरणं, ते तर ढिगानं.

आता खरं काम. समन्स जिल्हाधिकारी कार्यालयात येतं, आवक नंबर पडतो, तिथून प्रांतांकडे, तिथून तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे, आणि तोपर्यंत कोर्टात निशाणी ५ ची, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची, तारीख लागलेली असते. कायद्यानं याची थोडी सोय केली आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २७ रूल ५ मध्ये शासनाला हजर व्हायला पुरेसा वेळ द्या, वाटल्यास वाढवा पण एकूण दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही, असं आहे. पण कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, ३० दिवसांची आणि फार तर ९० दिवसांची मुदत सगळ्यांना सारखीच. मुदतीनंतरची कैफियत न्यायाधीश घेऊ शकतात, कैलास विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालापासून ते ठरलेलं आहे, पण त्याला कारण लागतं आणि 'खात्याकडून अभिप्राय आला नाही' हे कारण दर वेळी चालत नाही. मग विनाकैफियत आदेश होतो. मग वादीचा सरतपास, उलटतपास नाही, युक्तिवाद, हुकूमनामा.

आणि इथं मला जे सांगायचंय ते येतं. खासगी माणसाच्या दाव्यात असं झालं तर तो वकिलाच्या घरी येऊन बसतो, जाब विचारतो. शासनाचा दावा असा गेला तर कोणी येत नाही. गावची चराईची जमीन एका माणसाच्या नावानं जाहीर होऊन जाते आणि गावाला ते कळतं पाच वर्षांनी, जेव्हा तिथं तारेचं कुंपण पडतं तेव्हा. ग्रामपंचायत पक्षकारच नसते कित्येकदा. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना योजना करायला लावली, निकाल सगळ्यांना पाठ आहे, पण तालुक्याच्या पातळीवर ती जमीन वाचते की जाते ते ठरतं कैफियत वेळेत गेली का आणि गाव नमुन्याची नक्कल निशाणी पडली, म्हणजे पुराव्यात दाखल झाली, का यावर. ते करणारा माणूस म्हणजे एजीपी, सहायक सरकारी वकील, दुसरं कोणी नाही त्या हॉलमध्ये. म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं आणि म्हणूनच ते नुसत्या पाटीसाठी घेणाऱ्यांचा राग येतो.

साक्षीदाराचं सांगतो एक, म्हणजे अंदाज येईल. शासनातर्फे साक्षीला बहुतेक वेळा नायब तहसीलदार किंवा शाखा अभियंता येतो, जो त्या काळात तिथं नव्हताच. शपथपत्र कार्यालयात कोणीतरी टाईप केलेलं. समोरचा वकील तीनच प्रश्न विचारतो. जागेवर गेला होतात का? नाही. मोजणी केली तेव्हा वादीला नोटीस दिली होती का? सांगता येणार नाही. शपथपत्रातला मजकूर कोणाच्या माहितीवरून लिहिला? कार्यालयीन कागदपत्रांवरून. कोणते कागद? गप्प. झाली साक्ष. माझा नियम असा की साक्षीदाराला तारखेच्या आधी मूळ फाईलसकट बोलवायचं, त्याला पानं दाखवायची, आणि जमीन प्रत्यक्ष बघून ये असं सांगायचं. काय बोल हे सांगायचं नाही, ते चुकीचं आहे, पण जे कागदावर आहे ते त्यानं स्वतः वाचलेलं पाहिजे. कार्यालयातल्या कोणाला एवढं सांगणारा भेटलेला नसतो, सांगितलं की करतात लोक.

पहिल्या तारखेला काय बघायचं तेही सांगून ठेवतो. दाव्याआधी शासनाला द्यायची संहितेच्या कलम ८० ची नोटीस दिली आहे का, दोन महिने झालेत का. महाराष्ट्र शासनाला प्रतिवादी केलंय का, कारण नुसत्या तहसीलदारांवर किंवा कार्यकारी अभियंत्यावर दावा लावून चालत नाही, कलम ७९ प्रमाणे राज्य पक्षकार पाहिजे. महसुली विषय असेल तर १८७६ चा रेव्हेन्यू ज्युरिस्डिक्शन ॲक्ट, आधी महसुली अपिलं केली आहेत का. आणि मुदत. पण हे मुद्दे घेताना भान ठेव, दाव्यात दम असेल तर निव्वळ तांत्रिक मुद्द्यावर नागरिकाला हाकलणं शासनाला शोभत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये दिलबाग राय जेरी प्रकरणात सांगितलंय आणि त्यानंतर कितीतरी वेळा.

निवृत्त_महसूल

वरच्या वकीलसाहेबांचं वाचलं, पटलं. मी महसुलात हयात घालवली, तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, कोर्टात शासनातर्फे साक्षी पण दिल्यात, म्हणून कार्यालयाच्या बाजूनं लिहितो.

वकील लोक म्हणतात खातं अभिप्राय देत नाही. देत नाही हे खरं आहे, पण का ते बघा. तहसीलमध्ये कोर्टकेसेसचं टेबल म्हणजे एक अव्वल कारकून, आणि त्याच्याकडे तेवढंच नसतं, निवडणूक आली की तो तिकडे, दुष्काळ पडला की तिकडे, गारपिटीचे पंचनामे आले की तिकडे. त्यात बदली. नवीन माणूस येतो त्याला कपाटात कोणती फाईल कुठे आहे ते माहीत नसतं. मग सरकारी वकिलांचं पत्र येतं, 'सोबतच्या दाव्यावर परिच्छेदनिहाय अभिप्राय तात्काळ सादर करावेत', तो बिचारा दावा वाचतो, त्याला वाटतं आपल्याला कायद्याची उत्तरं द्यायची आहेत, मग तो प्रत्येक परिच्छेदासमोर 'वादीचे म्हणणे मान्य नाही' असं लिहितो आणि पाठवतो. असल्या अभिप्रायाचा कोणालाच उपयोग नाही.

जे वकील आम्हाला नेमका कागद मागायचे त्यांना आम्ही द्यायचो, हे मी शपथेवर सांगतो. गाव नमुना १ ब ची नक्कल द्या, त्यात बिनभोगवट्याच्या म्हणजे सरकारी जमिनी असतात. १ ई द्या, त्यात अतिक्रमणाची नोंद असते, कोणत्या साली कोणी किती केलं ते. अमक्या नंबरचा फेरफार आणि त्याच्या आधीचा फेरफार द्या. जुनं पाहणीपत्रक अभिलेख कक्षात बघा. असं मागितलं की कोतवालाला पाठवून गठ्ठा सोडवता येतो. मोजणीचं काही असेल तर ते आमच्याकडे नाही, भूमी अभिलेखकडे आहे, आणि आमच्या दोन खात्यांत पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा वकिलांनी दोन्हीकडे स्वतंत्र पत्र दिलेलं बरं. एक सरकारी वकील होते, ते महिन्यातून एकदा तहसीलला येऊन तासभर बसायचे, चहा घ्यायचे आणि सगळ्या केसेसची यादी रावसाहेबांसमोर म्हणजे तहसीलदारांसमोर वाचायचे. त्यांच्या काळात आमच्याकडची एकही केस विनाकैफियत गेल्याचं मला आठवत नाही.

बाळा, तू जर जाणार असशील तर कारकुनाला मान देऊन बोल. साहेबांना सगळे भेटतात, पण फाईल कारकुनाकडे असते.

वादीचा_वकील

मी उलट्या बाजूनं, शासनाविरुद्ध दावे आणि भूसंपादनाचे संदर्भ चालवतो, तेव्हा माझं पण ऐका.

कलम ८० ची नोटीस कायद्यात कशासाठी ठेवली? शासनाला दोन महिने मिळावेत, त्यात त्यांनी विचार करावा, मागणी रास्त असेल तर दाव्याच्या आधीच मिटवावी आणि लोकांचा पैसा वाचवावा. प्रत्यक्षात मी पाठवलेल्या नोटिशांना उत्तर म्हणून काही येतच नाही जवळजवळ. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात हेच नोंदवलं की नोटिशांना एकतर उत्तर देत नाहीत नाहीतर मोघम देतात, आणि प्रत्येक सरकारनं यासाठी जबाबदार अधिकारी नेमावा असं सांगितलं. तातडी असेल तर मी ८० (२) खाली परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावतो, पण तिथं शासनाला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय कोर्ट अंतरिम काही देऊ शकत नाही, मग तारीख पडते, सरकारी वकील म्हणतात सूचना नाहीत, पुन्हा तारीख. माझ्या पक्षकाराचं घर दुसऱ्या दिवशी पाडणार असतात आणि समोरचा माणूस सूचनांची वाट बघत असतो. चांगला एजीपी असेल तर तो तिथंच फोन लावतो, अधिकाऱ्याशी बोलतो आणि कोर्टाला सांगतो की पुढच्या तारखेपर्यंत कारवाई करणार नाही. एवढं एक वाक्य बोलायची हिंमत आणि खात्याकडून ते वदवून घ्यायची पत, ही असेल तर जा.

आता भूसंपादन. तुझ्या चुलत्यांसारखे पक्षकार माझ्याकडे रोज येतात म्हणून आकडे घालून सांगतो. १८९४ च्या कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांत कोर्टानं दर वाढवला की त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, शिवाय १२ टक्क्यांचा वेगळा घटक, आणि वाढीव रकमेवर व्याज, ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के. म्हणजे नुसता एक लाख वाढीव धर आणि तो दहा वर्षं दिला नाही असं धर, तर व्याजच एक लाख चव्वेचाळीस हजार होतं. दिलासा रकमेवर पण व्याज मिळतं हे २००१ च्या सुंदर प्रकरणापासून पक्कं आहे. मग खातं अपील करतं, उच्च न्यायालय स्थगिती देताना बहुतेक वेळा रक्कम भरायला सांगतं, ती भरायला अनुदान नसतं, स्थगिती जाते, आम्ही दरखास्त लावतो, हुकूमनाम्यापासून तीन महिने थांबावं लागतं कलम ८२ मुळे, आणि मग बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात खुर्च्या आणि गाडी जप्त करायला जातो, पेपरात फोटो येतो. त्या फोटोनं माझ्या शेतकऱ्याला आनंद होत नाही हो. त्याची मुलगी तोवर लग्न होऊन गेलेली असते, कर्ज काढून केलेलं असतं ते लग्न. आणि व्याजाचा पैसा जातो तुमच्या आमच्या करातून.

तर यात शेतकऱ्याचं भलं कोणी केलं असतं? ज्या सरकारी वकिलानं निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात लिहून दिलं असतं की हा निकाल बरोबर आहे, अपील करू नका, पैसे भरा, त्यानं.

तालुका_बार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काकांनी गाव नमुन्यांचं सांगितलं ते तर वहीत उतरवून घेतलं.

वादीचा_वकील सर, तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्यावरच विचारायचंय. अपील करू नका असं एजीपीनं लिहून दिलं तर ते ऐकतात का? का वर संशय येतो की हा समोरच्याला मिळालाय? आणि तसं लिहिणाऱ्याची पुढची मुदत होते का? हे मला खरंच माहीत नाही. भूसंपादनात विवेक कसा सांभाळायचा यावर पण कोणी लिहिलं तर बरं होईल.

खंडपीठ_नागपूर

मी उच्च न्यायालयात, नागपूर खंडपीठात, सहायक सरकारी वकील म्हणून काम केलंय, आता खासगी प्रॅक्टिस आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

निकाल लागला की नक्कल काढायची आणि अभिप्राय लिहायचा, अपील करावं की नाही आणि का. तो जिल्हा सरकारी वकिलांमार्फत खात्याकडे आणि विधी व न्याय विभागाकडे जातो, निर्णय तिथं होतो. म्हणजे तुझा शब्द शेवटचा नाही, पण तुझा अभिप्राय फाईलला लागतो आणि तिथंच राहतो. अडचण अशी की अपील करा असं लिहिणं सोपं आणि सुरक्षित असतं. ऑडिटला कोणी विचारत नाही की अपील का केलंत, विचारतात की का केलं नाहीत. त्यामुळे टेबलाटेबलावर फाईल 'अपील करावे' कडे झुकत जाते. आणि हे सगळं होईपर्यंत जिल्हा न्यायालयाचे ३० दिवस किंवा उच्च न्यायालयाचे ९० दिवस कधीच उलटून गेलेले असतात.

मग आमच्याकडे यायचे विलंब माफीचे अर्ज. शपथपत्रात तारखांची माळ, अमुक दिवशी फाईल या कक्षातून त्या कक्षात गेली, अमुक दिवशी त्रुटी काढली, अमुक दिवशी अधिकारी रजेवर. पूर्वी कोर्टं समजून घ्यायची, १९८७ चा कातिजी प्रकरणाचा निकाल दाखवला की काम व्हायचं. २०१२ मध्ये पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया आलं, ४२७ दिवसांचा उशीर, सर्वोच्च न्यायालय म्हणालं सरकारी यंत्रणा आहे म्हणून वेगळी मुदत नाही, कारण सांगा. २०२० मध्ये मध्य प्रदेश विरुद्ध भेरूलाल, ६६३ दिवस, तिथं तर २५ हजारांचा खर्च बसवला आणि जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणाले. त्यात 'सर्टिफिकेट केस' असा शब्द आहे, म्हणजे अपील फेटाळल्याचा शिक्का घ्यायला आणलेली केस, म्हणजे अधिकाऱ्याला म्हणता येतं की आम्ही वरपर्यंत गेलो होतो. मी अशा केसेस उभ्या राहून चालवल्यात, न्यायमूर्ती वैतागायचे ते बरोबरच वैतागायचे.

म्हणून तुझा अभिप्राय नकारार्थी असेल तर तो दोन ओळींचा लिहू नकोस. 'अपील करण्यासारखे नाही' एवढंच लिहिलंस तर संशय येणारच. पुराव्यात कुठला खरेदीखताचा दर आला, त्यावर आपली उलटतपासणी काय झाली, त्याच गावातल्या दुसऱ्या संदर्भात किती दर लागून अंतिम झालाय, अपिलात गेल्यास किती भरावं लागेल आणि वर्षाला व्याज किती चढेल, हे रुपयांत मांड. खात्याच्या अधिकाऱ्याला सही करायला आधार हवा असतो, तो तू दिलास की तो सही करतो. मी असे अभिप्राय मान्य झालेले पाहिलेत.

मुदतवाढीचं म्हणशील तर तिथं खात्री नाही हे स्वच्छ सांगते. सरकार बदललं की पॅनल बदलतात. उत्तर प्रदेशनं १९९० मध्ये सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका परिपत्रकानं काढले होते, ते त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात रद्द केलं, मनमानी चालणार नाही म्हणून. पण २००४ च्या जोहरी मल निकालात हेही सांगितलं की मुदतवाढ हा हक्क नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात नेमणुका गुणवत्तेवर आणि पारदर्शक व्हाव्यात असं म्हटलंय. तेव्हा मुदत संपली तर संपली अशी तयारी ठेवूनच जा आणि स्वतःची खासगी फाईल पूर्ण बंद करू नकोस. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, तू त्या बाजूचा असशील तर तिकडेही वाट आहे, दोनतीन वर्षं जिल्ह्याला पुरावा नोंदवून गेलेला वकील अपिलात वेगळाच चमकतो.

एजीपी_वरिष्ठस्तर

मॅडमनी नेमकं लिहिलंय. विवेकाचं मी सांगतो.

भूसंपादनात शासनाच्या वकिलाचं काम दर पाडायचं नाही, खरा दर कोर्टासमोर आणायचं आहे. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा कित्येकदा कमीच असतो, कारण तो रेडी रेकनर आणि जुन्या खरेदीखतांवर काढलेला असतो, आणि तिथं तू उगीच ताणत बसलास तर काही मिळवत नाहीस. पण दुसरी बाजू पण बघ. संयुक्त मोजणीच्या अहवालात जिरायत लिहिलेल्या गटात संदर्भाच्या वेळी अचानक डाळिंबाची बाग येते, खासगी मूल्यांकनकाराचा अहवाल, झाडाचं वय आठ वर्षं. सातबाऱ्याला पीकपाण्यात बाजरी. विहीर पक्की बांधलेली म्हणून लाखात मागितलेली, आणि पंचनाम्यात विहिरीचा उल्लेखच नाही. अशा वेळी मूल्यांकनकाराला विचारायचं, तुम्ही पाहणी कधी केलीत, ताबा घेतल्यानंतर की आधी? नंतर केली असेल तर तेव्हा तिथं तलाव होता किंवा कालवा होता, झाडं कुठून मोजलीत? हे विचारणारा कोणी नसेल तर ज्याच्याकडे चांगला मूल्यांकनकार करायला पैसे आहेत त्याला जास्त मिळतं आणि तुझ्या चुलत्यांसारख्या सरळ माणसाला शेजारच्यापेक्षा कमी. मला तर वाटतं ज्याच्या घरची जमीन गेली आहे असाच माणूस त्या जागी हवा, त्याला खरी विहीर आणि कागदावरची विहीर यातला फरक कळतो.

फक्त एक, तुझ्या भावकीतलं किंवा तुझ्या गावच्या त्याच प्रकल्पातलं प्रकरण आलं तर पहिल्याच दिवशी जिल्हा सरकारी वकिलांना लेखी कळवून दुसऱ्याकडे द्यायला लाव. पॅनलवर जायच्या आधी शासनाविरुद्ध चालवलेल्या तुझ्या स्वतःच्या केसेसची पण यादी करून दे. तोंडी नको.

दबाव येतो का? येतो. अधिकारी म्हणतात ही तारीख घ्या, कागद कोर्टात देऊ नका, अडचणीचा आहे. कागद दडवायचा नाही. शांतपणे सांगायचं की साहेब, समोरच्यानं हा कागद माहितीच्या अधिकारात आधीच काढलेला असेल, आणि तो त्यांच्याकडून आला तर आपण खोटे ठरू. माझे पक्षकार ते अधिकारी नाहीत, राज्य आहे, ते साहेब पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात असतील. ऑर्डर २७ मध्ये ५ ब नियम आहे, शासनाच्या दाव्यात तडजोड होण्यासारखी असेल तर कोर्टानं प्रयत्न करावा असा, त्याचा उपयोग करून घे, लोकअदालतीत ठेकेदारांची बिलं आणि काही संदर्भ मिटतात. खात्याची लेखी संमती मात्र हातात घेतल्याशिवाय पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करायची नाही.

वादीचा_वकील

एजीपी सरांशी शंभर टक्के सहमत, डाळिंबाच्या बागेसकट. आमच्या बाजूनं असे दावे येतात आणि त्यानं खऱ्या शेतकऱ्याचा खटला पण कोर्टाच्या नजरेत हलका होतो.

तालुका_बार

पैशाचं राहिलं. बिलांचं खरंच तसं आहे का जसं बारमध्ये सांगतात?

एजीपी_वरिष्ठस्तर

आहे. फी शासन निर्णयाप्रमाणे, खासगीच्या मानानं कमी, आणि अनुदान आलं की निघते, मार्चमध्ये गर्दी होते. बिलाला रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार कामकाजाची, नोंद जोडावी लागते म्हणून प्रत्येक तारखेला काय झालं ते त्याच दिवशी डायरीत लिहायची सवय लाव, नाहीतर सहा महिन्यांनी शोधत बसशील. घर फक्त यावर चालणार नाही. तुझे वाटपाचे आणि वहिवाटीचे दावे चालू ठेव, तालुक्याला एखादा ज्युनियर बसव.

अर्ज करणार असशील तर निशाणी ५ वर म्हणणं, एक पूर्ण कैफियत आणि एका दिवाणी साक्षीदाराची तू घेतलेली उलटतपासणी, अशा तीन गोष्टींच्या नकला बरोबर ठेव, मुलाखतीत विचारलं तर दाखवता येतात. आणि सिनियरांना घेऊन या आठवड्यातच जिल्हा सरकारी वकिलांना भेट, जाहिरातीची तारीख आणि कागदपत्रांची यादी त्यांच्या कार्यालयात मिळेल.

निवृत्त_महसूल

आणि पॅनलवर नाव आलं की मला इथं कळव, तुमच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोणत्या सालापासूनचे गठ्ठे आहेत ते कसं शोधायचं ते लिहून देतो.